खिंडीतला रुमाल

पल्लवीला लहानपणापासून एक खोड होती. एखादी वस्तू बिघडली की ती का बिघडली हे कळेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे, आणि एखादी वस्तू आपली आपण सुधारली तर मग झोपच उडत असे. घरातला मिक्सर एकदा बरेच दिवस बंद राहून अचानक सुरू झाला. सगळं घर खूश आणि ही एकटी पेचकस घेऊन बसलेली. "चालून राहिला ना? मग काहून उकलून राहिलीस त्याला?" असं तिची आई चतुराबाई ओरडत राहिली. मिक्सर पुन्हा बंद पडला तो कायमचा. पण का बंद पडत होता, ते पल्लवीला कळलं होतं, आणि चटणी पाट्यावर वाटावी लागली तरी तिला त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं.

अशा पोरीनं मोबाईल नेटवर्कची इंजिनिअर व्हावं हे ठीकच झालं. त्या धंद्यात बिघडणाऱ्या गोष्टींना तोटा नाही.

गेल्या वर्षी तिच्या कंपनीनं एक प्रयोग हाती घेतला. रुग्णवाहिकेत कॅमेरा बसवायचा, आणि गाडी दवाखान्यात पोचायच्या आधीच डॉक्टरनं पेशंटला पडद्यावर बघायचं, बीपी, नाडी सगळं वाटेतच कळायचं. प्रयोगासाठी सपाट जिल्हे, मोठे रस्ते असलेले जिल्हे पुष्कळ होते. पल्लवीनं भांडून तो हिंगोलीला आणला. जवळा बाजारची रुग्णवाहिका, औंढ्यावरून हिंगोलीचा दवाखाना, असा रस्ता ठरला. जवळा बाजार हे तिचं गाव, आणि तिची आई तिथं आरोग्य खात्याची आशाताई. औंढ्याच्या अलीकडच्या खिंडीत चतुराबाईंनी एकदा जीपच्या मागच्या बाकड्यावर एका बाईचं बाळंतपण केलं होतं. लेकरू जगलं. बाई हिंगोलीला पोचेपर्यंत गेली. त्या रात्री आई घरी आली आणि न बोलता लुगडं धुवत बसली, ते पल्लवीनं पाहिलं होतं. तेव्हा ती नववीत होती. भांडण कशासाठी केलं, हे तिनं कंपनीत कुणाला सांगितलं नाही.

आता मोबाईलचा टॉवर म्हणजे काय, तर एसटीची बस. सीटा मोजक्या, चढणारे अमाप. औंढ्याला नागनाथाची यात्रा असली की टॉवरवर अशी रेटारेटी होते की फोन लागला तर नवल. म्हणून पल्लवीच्या लोकांनी प्रत्येक टॉवरवर थोड्या सीटा राखीव करून ठेवल्या होत्या. बस तीच, पण ह्या सीटांवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. इंजिनिअर लोक त्याला स्लाइस म्हणतात. पल्लवीनं आईला सांगताना राखीव सीटा असंच सांगितलं, आणि आईला एका फटक्यात कळलं. तिथं बसायची परवानगी दोघांनाच होती, रुग्णवाहिकेतलं चित्र पाठवणाऱ्या डब्याला आणि त्या भागातल्या आशाताईंच्या कामाच्या फोनांना.

खरी मेख पुढं होती. गाडी काही एका जागी उभी राहत नाही. जवळ्याच्या टॉवरची हद्द संपली की औंढ्याच्या टॉवरची सुरू होते. ह्या बसमधून त्या बसमध्ये चालत्या गाडीत उडी मारायची, आणि तीही अशी, की डॉक्टरच्या पडद्यावरचं चित्र हलता कामा नये. त्यासाठी जवळ्याचा टॉवर औंढ्याच्या टॉवरला आधीच विचारतो, बाबा, माझा एक माणूस येऊन राहिलाय, तुझ्याकडं राखीव सीट आहे का? आहे म्हटलं की ती सीट धरून ठेवायची, मग उडी.

आणि ही उडी खिंडीत चुकत होती.

बरं, रोज चुकली असती तर सोपं होतं. सकाळी रुग्णवाहिका खिंडीतून गेली की चित्र आरशासारखं स्वच्छ. दुपारी तीच गाडी, तोच डब्बा, तोच ड्रायव्हर प्रमोद, आणि खिंडीत शिरलं की चित्र थिजलं. औंढ्याचा टॉवर सांगायचा, राखीव सीटा फुल्ल. पल्लवीनं डब्बा बदलला, वायरी बदलल्या. डोंगराला दोष द्यावा तर डोंगर सकाळीही तिथंच असायचा.

"ताई, मला काय वाटतं सांगू का?" प्रमोद एके दिवशी म्हणाला. "लोकं हळद शिजवून राहिलेत. दुपारी कढया पेटतात. त्या वाफेनं रेंज धरत नसंल."

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. पल्लवी मात्र खरोखरच एका शेतात हळदीच्या कढईशेजारी मोजणीचा फोन धरून उभी राहिली. केसांना, ओढणीला हळदीचा वास लागला आणि वाफेचा काही संबंध नाही हे सिद्ध झालं. प्रमोदला तिनं ते सांगितलं, तर तो जरा हिरमुसला.

वरचे साहेब शंकरसिंग. माणूस नांदेडचा, मनानं वाईट नाही, पण घाईचा. त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "देखो पल्लवी, सोमवारी मी स्वतः हिंगोलीला येतो. दुपारची गाडी, माझ्यासमोर. चित्र टिकलं तो बढिया. नाही टिकलं, तो डब्बा काढून दुसऱ्या जिल्ह्यात. उधर पहाड भी नहीं है."

डब्बा एकदा गेला की परत यायचा नाही, हे पल्लवीला पक्कं माहीत होतं. हिंगोलीतून गेलेली वस्तू परत आल्याचं तिनं तरी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच विचारात ती हिंगोलीहून एसटीनं घरी निघाली. औंढ्याला बस थांबली आणि कल्लोळ उठला. शिवरात्र तोंडावर आलेली, स्टँडवर मुंगीला वाव नाही. बस नीट उभीही राहिली नव्हती, तोवर खिडक्यांतून रुमाल पडू लागले. रुमाल, टोप्या, गमजे, एकानं तर प्रसादाचा नारळच सीटवर ठेवून दिला. बाहेरून हात घालून रुमाल टाकायचा आणि मग निवांत उसाचा रस प्यायला जायचं, ही आपल्याकडची शेकडो वर्षांची रीत असावी. चढणारा माणूस रुमाल बघतो आणि काही न बोलता उभा राहतो. रुमालाला जेवढा मान, तेवढा माणसाला नाही.

एक म्हातारी काठी टेकत चढली. अर्धी बस रिकामी आणि बसायला जागा नाही.

"कोणाचे हायत हे रुमाल?" कंडक्टरबाईंनी विचारलं. कुणी बोलेना. "रुमालाला मी तिकीट फाडत न्हाई, माणसाला फाडते. मालक गाडीत नसंल तर रुमाल खाली." आणि त्यांनी सटासट दोनचार रुमाल उचलून टपावर टाकावेत तसे मागच्या फळीवर टाकले. म्हातारी बसली. मग बाईंचं लक्ष पुढच्या अपंगांच्या सीटवर बसलेल्या तरण्याताठ्या गड्याकडं गेलं. तो चपापून उठायला लागला.

"बसून राहा की. रिकामी सीट काय पूजाया ठेवायची का? पण ज्याची हाय तो चढला, की मी सांगायच्या आधी उठायचं. खिडकीबाहेर बघत बसायचं न्हाई."

पल्लवी हे सगळं बघत होती, आणि तिचं तिकीट हातातच राहिलं. बस भरलेली होती, पण माणसांनी नव्हे. फुल्ल, फुल्ल म्हणून औंढ्याचा टॉवर ओरडत होता, तेव्हा तिनं एकदा तरी बघितलं होतं का, की त्या सीटांवर कुणी बसलंय? तिनं घाईघाईनं लॅपटॉप मांडीवर उघडला. शेजारचा गडी नाराजीनं सरकला. राखीव सीटा फुल्ल होत्या. आणि त्या सीटांवरून बोलणारं, बघणारं, ऐकणारं कुणीही नव्हतं. सगळे रुमाल.

कुणीतरी जवळ्याच्या टॉवरवर उभं राहून औंढ्याच्या बसमध्ये रुमाल टाकत होतं, आणि उडी मात्र मारत नव्हतं. एक रुमाल टाकला, परत फिरला. पुन्हा टाकला, पुन्हा फिरला. आणि न आलेल्या माणसाचा रुमाल चटकन उचलायचा असतो, तो औंढ्याचा टॉवर उचलत नव्हता. का उचलत नव्हता? कारण खिंडीत खड्डे फार, गाडी हळू येते, तिला वेळ लागतो, म्हणून रुमाल बराच वेळ राहू द्या, असं सांगून ठेवलं होतं. कुणी? पल्लवीबाईंनीच. मायेपोटी केलेलं काम असं अंगावर येतं.

पण रुमाल टाकणारा कोण? तो दोन्ही टॉवरच्या बरोब्बर मध्ये असला पाहिजे. न इकडं, न तिकडं. आणि त्याला राखीव सीटेची परवानगी असली पाहिजे.

"खिंडीत थांबवा," ती ओरडली.

"तिथं स्टॉप न्हाई."

"मॅडम, माझी वस्तू पडलीय तिथं."

कंडक्टरबाईंनी तिला खालून वर बघितलं आणि दोरी ओढली.

खिंडीतल्या वळणावर रस्त्यापासून जरा वर एक सपाट खडक आहे, आणि त्याच्या कडेला एक जुनी बाभळ. खालून गाडीतून जाणाऱ्याला ते दिसत नाही. पल्लवी चढून गेली, तर वर बायकांचा मेळा जमलेला. खिंडीमागच्या धनगरवाडीच्या बाया. वाडीत रेंज नाही, एवढ्या खडकावरच ती सापडते, हे त्यांना ठाऊक होतं. पण यात्रेच्या गर्दीत खडकावरही साधा फोन लागत नव्हता. लागत होता तो एकच, राखीव सीटेवरचा. तो बाभळीच्या फांदीला पिशवीनं बांधला होता, वाऱ्यानं हलत होता, आणि त्याच्यापुढं, डोक्यावर पदर घेऊन, तिची आई बसली होती.

"हे बघ परमेश्वर," चतुराबाई फोनला सांगत होत्या, "मी कॅमेरा खाली धरते. तुझ्या बायकोचे पाय बघ. बघितले?"

फोनात एक उन्हानं रापलेला पोरगा होता, मागं मेंढरं बसलेली. तो गोदावरीपल्याड कुठंतरी कापणी झालेल्या वावरात कळप घेऊन उतरला होता. दुपारी मेंढरं सावलीला बसली की ह्या गड्यांना बोलायला फुरसत मिळते, म्हणून खडकावरचा मेळाही दुपारचाच. त्याची बायको राजनंदिनी, दिवस भरत आलेली, सुजलेले पाय पुढं करून बसली होती. शेजारी तिची सासू चंद्रभागाबाई.

"सुजलेत," परमेश्वर हळूच म्हणाला.

"बीपी वाढून राहिलंय तिचं. तुझी माय म्हणती, पोरगा येईपर्यंत दवाखान्यात न्यायचं न्हाई. तू सांग तिला."

मग तो म्हणाला, "न्या, मावशी. आये, जाऊ दे तिला."

चंद्रभागाबाईंनी तोंड फिरवलं, पण मान हलवली. चतुराबाईंनी समाधानानं वर बघितलं, तर समोर लेक.

आता ह्या क्षणी पल्लवीनं जे पाहिलं होतं, त्याचं तिला पुढं फार कौतुक वाटणार होतं. पण त्या क्षणी तिला दिसला तो फक्त फांदीला लटकलेला फोन. फांदी हलली की फोन जवळ्याचा, बाई आडवी आली की औंढ्याचा. दर खेपेला एक रुमाल. किती दिवसांची तिची झोप त्या बाभळीला टांगलेली होती.

"माय, तू?" ती म्हणाली. "मी डोंगर धुंडाळून राहिले, वायरी बदलून राहिले, आणि सीटा तू अडवून बसलीस? तो फोन गप्पा माराया दिलाय का? तुझ्यापायी डब्बा चाललाय इथून. खालून एखादी बाई मरायला टेकलेली गेली, तर तिचं चित्र तुझ्यापायी बंद पडंल, माहीत हाय का?"

चतुराबाई उठल्या, फांदीवरून फोन सोडवला, पदरानं पुसला आणि लेकीच्या हातावर ठेवला.

"धर. माझ्यापायी कोणी मरायला नको," त्या म्हणाल्या. "ह्या खिंडीत बाई मरती कशी, ते मला शिकवू नको."

आणि त्या उतरून गेल्या. बाया एकेक करून त्यांच्या मागं गेल्या. पल्लवी बाभळीखाली एकटी राहिली. जीभ आवरायला हवी होती. कळत होतं, पण सुटलेला शब्द परत घेता येत नाही.

शंकरसिंगांना सगळं सांगितलं, तर ते फोनवर खूश झाले. "अरे, मग सोपं आहे. आशा लोकांचे नंबर काढून टाक स्लाइसमधून. सीट खाली, गाडी को जगह. किस्सा खतम."

खरंच सोपं होतं. लॅपटॉपवर चार ओळी लिहायच्या होत्या. पल्लवीनं त्या लिहिल्याही. आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी तिला राजनंदिनीचे पाय आठवले. त्या फोनावर बाई आज दवाखान्यात जायला मोकळी झाली होती. मग ते काम नव्हतं, तर काम कशाला म्हणायचं? आईला ती नेमकं ह्यासाठीच बोलली होती. आपण केवढी मोठी चूक केली ते आता तिला लख्ख दिसलं.

तिनं ओळी पुसल्या. रिकामी सीट काय पूजाया ठेवायची का, कंडक्टरबाई म्हणाल्या होत्या. बसू दे की आशाताईंना. फक्त दोन गोष्टी करायच्या. रुमालाचा मुक्काम कमी करायचा, आला नाहीस तर लगेच उचलणार. आणि रुग्णवाहिका चढली, की बसलेल्यानं मुकाट्यानं उठायचं, साध्या गर्दीत जाऊन उभं राहायचं, ती उतरली की परत यायचं. कुणी न सांगता, आपोआप. हे नियम लिहायला तिला सकाळ झाली.

शंकरसिंग कुरकुरले, पण हो म्हणाले. एकच अट घातली, आणि ती वाजवी होती. "टेस्ट के टाइम सीटा भरलेल्या पाहिजेत. खाली बस में जगह मिली, तो उसमें क्या बड़ी बात?"

म्हणजे सोमवारी दुपारी खडकावर बाया बसल्या पाहिजेत. फोन घेऊन, बोलत. आणि त्यांना कोण जमवणार? चतुराबाईच.

रविवारी पल्लवी घरी गेली. आई तिच्याशी बोलत नव्हती, पण गप्पही नव्हती. ती भिंतीशी बोलत होती. "ज्याला जेवायचं त्यानं जेवून घ्यावं," ती भिंतीला म्हणाली. "भाकरी गार झाली की मंग मला बोल लावू नका." पल्लवीनं मुकाट्यानं ठेच्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या आणि फोन आईपुढं ठेवला.

"माय, चुकलं माझं. तू काम करून राहिली होतीस, मी गप्पा म्हणाले."

आईनं ताट उचललं.

"उद्या दुपारी खडकावर बसशील का? बाकीच्या आशाताईंना घेऊन. सगळ्या बोलत."

"काहून?" आईनं भिंतीला विचारलं. "पुन्हा धराया?"

"न्हाई. उठवाया. तुमी बसलेल्या असताना गाडी आली, तर तुमाला उठवून तिला जागा मिळते का, हे बघायचंय. कोणी बसलंच न्हाई तर कळणार कसं? मग डब्बा जातो."

चतुराबाईंनी ताट धुतलं, पालथं घातलं आणि दिवा मालवला. सकाळी पल्लवी निघाली, तेव्हा फोन ठेवला होता तिथंच होता.

सोमवारी हिंगोलीच्या दवाखान्यातल्या एका खोलीत तीन माणसं पडद्याकडं तोंड करून बसली. डॉक्टरीणबाई, शंकरसिंग आणि पल्लवी. जवळ्याहून गाडी निघाली होती. पेशंट म्हणून कुणाला तरी झोपवायचं ठरलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. राजनंदिनीच दवाखान्यात यायला निघाली होती, सासूला घेऊन. पडद्यावर ती दिसत होती. औषधाच्या वासानं मळमळतं म्हणून तिनं बाजूची काच सरकवली होती. तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला होता.

दुसऱ्या पडद्यावर औंढ्याच्या राखीव सीटा. सगळ्या रिकाम्या.

"खाली है," शंकरसिंग म्हणाले.

"येतील," पल्लवी म्हणाली. तिच्या आवाजात तिला स्वतःलाच दम वाटला नाही.

गाडी नदीचा पूल ओलांडून खिंडीच्या चढाला लागली. सीटा रिकाम्या. पल्लवीनं नखं खायला सुरुवात केली. आईचा राग तिला माहीत होता. तो दोनचार दिवसांत मावळणारा नव्हता, त्याला एखादा सण लागायचा.

मग एक सीट भरली. मग दुसरी. मग धडाधड सगळ्याच. आणि पल्लवीचा स्वतःचा फोन वाजला. व्हिडिओवर आई. तिच्या मागं बाभळ, आणि बाभळीखाली आशाताया, प्रत्येकीच्या हातात फोन, आणि प्रत्येकीभोवती वाडीतल्या बायांचं कोंडाळं.

"मी खाली रस्त्याकडं उतरून राहिले," आई म्हणाली. "वर कालवा लई हाय. ऐक. गाडी यायच्या आत मला तुला एक सांगायचंय."

"बोल माय."

"त्या दिवशी तू बोललीस, ते मला लागलं. लई लागलं. पण पल्लवे, मी तुला खरं सांगते, मला त्या वक्ताला—"

आई थांबली. म्हणजे फोनातली आई थांबली. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. पल्लवी क्षणभर भांबावली. "माय? माय, ऐकू येऊन राहिलं का?"

"गया क्या?" शंकरसिंग दचकून म्हणाले.

पण मोठ्या पडद्यावर काहीच गेलं नव्हतं. राजनंदिनी होती, सासू होती, बीपीचा आकडा होता. "डोकं दुखतंय का गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि "न्हाई बाई, जरासंच," असं उत्तर लगोलग आलं. खड्डे आले म्हणून प्रमोदनं गाडी हळू केली. आणि सरकवलेल्या काचेतून, राजनंदिनीच्या खांद्यामागं, खिंड दिसली. वळण दिसलं. रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती, तोंडापुढं फोन धरून.

ती पल्लवीची आई होती. बोलत होती. एका हातानं फोन आणि दुसरा हात हलवत, भरभरून बोलत होती, मध्येच पदरानं डोळे पुसत होती, पुन्हा बोलत होती. गाडीकडं तिचं लक्षही नव्हतं. पल्लवीच्या हातात आई थिजलेली होती आणि पडद्यावर आई जिवंत होती, आणि तिचा शब्दही इथवर पोचत नव्हता, कारण तिनं आपली जागा दिली होती. काचेच्या एका कडेला ती आली, मधून गेली, दुसऱ्या कडेनं दिसेनाशी झाली. पल्लवीला रडू आलं. शंकरसिंग तिच्याकडं बघतायत हे कळूनही आवरलं नाही.

"अब क्यों रोना?" ते गोंधळून म्हणाले. "पास हो गया ना. डब्बा इधरही रहेगा."

गाडी औंढा पार करून हिंगोलीच्या रस्त्याला लागली. औंढ्याच्या सीटा मोकळ्या झाल्या, आणि पल्लवीच्या हातातली आई एकदम हलली.

"—म्हणून म्हणते, आता मनात काई ठेवायचं न्हाई," आई नाक पुसत म्हणाली. "तू पण न्हाई, मी पण न्हाई. समजलं?"

"माय, मधलं काहीच ऐकू आलं न्हाई. गाडी आली होती. तुला उठवलं तिनं."

चतुराबाईंनी फोन तोंडापासून लांब धरून त्याच्याकडं रागानं बघितलं. "म्हणजे इतका वेळ मी कोणाशी बोलून राहिले होते?"

"कोणाशीच न्हाई. परत सांग ना."

"आता काहून सांगू? एकदा बोलले ते बोलले."

"माय, सांग की. मला झोप न्हाई यायची."

"नको येऊ दे," आई म्हणाली. मिक्सरच्या वेळचाच आवाज होता तो. पल्लवीनं पुढं कितीदा विचारलं, सणाला विचारलं, लाडात विचारलं, पण खिंडीत त्या दुपारी आई काय बोलली, ते तिला कधी कळलं नाही. जगात एवढी एकच गोष्ट असेल, जी उकलून न बघताही तिनं तशीच राहू दिली.

"ते जाऊ दे," आई फोनात म्हणाली. "राजनंदिनीचं बीपी किती निघालं, ते सांग आधी."